दोन्ही दम

“पावणं, हिकडं बगा. आत काय हुणार हाय ते मी सांगतो. आतनं काय निघणार ते सांगायचं काम माजं न्हाय, ते डॉक्टरांचं.”

स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर जो कोणी बसलेला असेल, त्याच्यापुढे उभं राहून आप्पा हे नमन करायचे. समोर ऊसवाला असो, वकील असो, नाहीतर मोठ्या घरची सासू असो, सगळे पावणं. आवाज असा, की राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत समोरच्या झेरॉक्सवाल्यालाही सीटी स्कॅनमध्ये काय होतं ते तोंडपाठ झालं होतं. त्यानं एकदा आपल्या मेव्हण्याला परस्पर सगळं समजावून आमच्याकडे पाठवला. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मेव्हण्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. दुसऱ्यानं सांगितलेलं त्यांना चालत नसे.

आप्पा आमच्या सेंटरचे टेक्निशियन आणि मी टायपिस्ट. डॉक्टर फिल्म बघून बोलायचे, ते मी टाइप करायची. नव्वदनंतरची ती वर्षं. गावाकडच्या लोकांना हा शब्दच नवा होता. ‘शिटी स्क्यान’ म्हणताना ते आवाज खाली आणायचे, कुणाच्या मयताची गोष्ट सांगावी तसे. चिठ्ठी हातात पडली म्हणजे आता काही खरं नाही, असं घर धरून चालायचं. आप्पांना याचा संताप यायचा. “माणूस आजारानं मरंल तवा मरंल, मशीनच्या भ्यानं आदीच कशाला मरायचं?” म्हणायचे.

आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. छातीच्याच दुखण्यानं गेले. ज्या मशीनपुढे त्यांचं निम्मं आयुष्य गेलं, त्याच्यात स्वतःचा स्कॅन करून घ्यायला हा माणूस कितीतरी दिवस तयार नव्हता, आणि त्याला तयार करता करता आमचा जीव मेटाकुटीला आला. सोनारानंच कान टोचावे म्हणतात. पण सोनाराचे कान कोणी टोचायचे, ते कोणी सांगून ठेवलेलं नाही.

त्यांचं ते भाषण मला अजून येतं.

“हे मशीन म्हंजे येक मोठ्ठं कडं हाय. हातात कडं घालतो तसं तुमी त्यातनं जायाचं. खाट हळूहळू सरकंल. आत गिरणीगत घुं आवाज यील, यिऊ द्या. हातात येक सुई टोचणार, त्यातनं औषध जाणार. औषध गेलं की घशापासनं खालपतोर गरम वाटंल. तोंडाला नाणं चोखल्यागत चव यील. आन् लघवी झाली आसं वाटंल. झालेली नसती. तवा लाजू नका आन् उठू नका. खाज सुटली, घसा आवळला, तर मातुर ताबडतोब हात वर करा. झाल्यावर अर्धा तास हितंच बसायचं आन् दिवसभर पाणी प्यायचं. आन् येकटं कुणी यायचं न्हाय. बरोबर येक माणूस पायजे.”

मग प्रश्न. चार तास पोटात काही नाही ना? दमा आहे का? मूत्रपिंडाचं काही? मासे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात का? आणि बाईमाणूस असलं की त्याच पट्टीत, “दिवस गेल्यात का?” हा प्रश्न विचारावाच लागतो, पोटातल्या बाळाला ते किरण बरे नव्हेत. पण भर बाकावर, सासूसमोर, नव्या सुनेला तो विचारल्यावर एकदा जे रामायण झालं, त्यानंतर तो प्रश्न माझ्याकडे आला. मी पोरींना माझ्या टेबलाजवळ घेऊन हळूच विचारायची. टायपिंग सोडून मशीनच्या खोलीत माझी ये-जा सुरू झाली ती अशी. आप्पांना यात आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. “दिवस गेले म्हंजे चांगलंच हाय की,” म्हणायचे.

ते हुपरीचे. रोज सकाळच्या एसटीनं यायचे, संध्याकाळच्या एसटीनं जायचे. घरात पैंजणांचं काम. ते स्वतः लहानपणी फुंकणी तोंडाला लावून बसलेले. पैंजणाची कडी न् कडी जोडायला ज्योतीवर एकसारखी फुंक मारावी लागते. “फुंक तुटली की जोड बिघाडला,” असं ते सांगायचे. पुढे शिकले, मिरजेला जाऊन हे यंत्राचं काम शिकून आले, आणि चांदी घडवणाऱ्या घरातला हा माणूस लोकांच्या अंगावरची चांदी उतरवण्याच्या धंद्यात पडला. कारण त्या मशीनला धातू चालत नाही. धातू आड आला की चित्रात चारी बाजूंनी पांढरे फराटे उठतात.

बोटात वर्षानुवर्षं रुतलेली अंगठी ते साबण आणि दोरा घेऊन अशी उतरवायचे, की माणसाला कळायचंही नाही. मंगळसूत्राला मात्र हात लावायचे नाहीत. छातीचा किंवा मानेचा स्कॅन असला की बाईनं ते स्वतः काढायचं, आणि बायका काढायला धजायच्या नाहीत. नवरा बाहेर बसलेला, आपण ह्या यंत्रात चाललेलो, आणि गळा मोकळा. आप्पांच्या खणात हळकुंड बांधलेले दोरे तयार असायचे. मंगळसूत्र तुटलं तर गळ्यात हळकुंड बांधायची आपल्याकडे रीतच आहे. आप्पा तो दोरा पुढे करायचे. “हळकुंड मशीनला दिसत न्हाय. देवाला दिसतंय.” आधी हळकुंड गळ्यात बांधायचं, मग मंगळसूत्र काढायचं, हा क्रम ते बदलू द्यायचे नाहीत. डॉक्टर गमतीनं म्हणायचे, आप्पा, तुमच्यामुळे आपल्या सेंटरला मसाल्याच्या दुकानाचा वास येतो.

आता त्या ‘दम’ शब्दाचं सांगते.

आमचं पहिलं मशीन सावकाश होतं. छातीचं चित्र काढायचं तर ते काकडीची चकती कापावी तसा एकेक काप घ्यायचं, आणि प्रत्येक कापाला माणसानं श्वास कोंडून पडायचं. श्वास हलला की चित्र हललं. काचेच्या अलीकडे बसून आप्पा माइकमध्ये म्हणायचे, “दम धरा.” काप झाला की, “सोडा.” पुन्हा “दम धरा,” पुन्हा “सोडा.” खाट मुंगीच्या पावलानं पुढे सरकायची.

एकदा कबनूरचे एक म्हातारे आले. जन्म यंत्रमागावर गेलेला, कान गेलेले, त्यामुळे आवाज आप्पांच्याही वरचढ. आप्पा म्हणाले, “दम धरा.” आतून उत्तर आलं, “धरलाय की!” चित्र हललं. आप्पा पुन्हा म्हणाले, “बाबा, बोलू नगासा. दम धरा.” आतून पुन्हा आवाज आला, “आनी किती धरायचा? कारभारीण गेल्यापास्नं दमच धरलाय की मी.”

काचेमागे आम्ही सगळे हसलो. आप्पा हसले नाहीत. उठून आत गेले, म्हाताऱ्याच्या छातीवर तळहात ठेवला, स्वतः छाती भरून श्वास घेऊन कोंडून दाखवला, आणि मग सोडला. म्हाताऱ्याला समजलं. बाकीचं सगळं काम बिनबोभाट झालं. नंतर चहा पिताना डॉक्टर म्हणाले, “आप्पा, तुमच्या शब्दाचा घोटाळा होतोय. ‘श्वास रोखा’ म्हणत जा.” आप्पांनी बशीतला चहा संपेपर्यंत विचार केला.

“न्हाय,” म्हणाले. “शब्द बरोबर हाय. हितं दोन्ही दम लागत्यात.”

त्यांची एक खोड मला फार उशिरा लक्षात आली. रोग्याला “दम धरा” म्हटलं की ते स्वतःही दम धरायचे. गाल फुगायचे नाहीत, काही नाही, फक्त खांदे वर जाऊन तिथंच थांबायचे आणि कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मग “सोडा” हा शब्द त्यांच्याच छातीतून सुटल्यासारखा बाहेर पडायचा. मी विचारलं तेव्हा म्हणाले, नवे नवे असताना एकदा मशीन मध्येच अडलं, ते त्याच्या मागे लागले आणि आतल्या बाईला “सोडा” म्हणायचं राहिलं. ती बिचारी सांगितल्याप्रमाणे कोंडून पडली, डोळे पांढरे होईपर्यंत. “माज्या सांगण्यावर भरवसा ठिवून पडली हुती, बाई. तवापास्नं मी बी धरतो. माजा संपाय लागला की कळतंय, तिचा बी संपत आला.” दिवसाला पाच-सहा माणसं आणि प्रत्येकाचे ते इतके काप. घरी जाताना त्यांचा चेहरा भट्टीपुढून उठलेल्या माणसासारखा असायचा. मी म्हणायची, आप्पा, पगार बोलण्याचा आहे, दम धरण्याचा नाही. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आणि चपला.

धुळीमुळे मशीनच्या खोलीत चपला न्यायच्या नाहीत, दाराबाहेर काढायच्या, असा नियम. स्कॅन झाला की माणूस गार फरशीवरून अनवाणी दारापर्यंत चालत यायचा. पण कधीकधी आप्पा स्वतः दारापाशी जाऊन त्या माणसाच्या चपला हातात घेऊन आत यायचे, खाटेच्या पायथ्याशी जोडीनं ठेवायचे आणि एका हातानं त्याला उतरवायचे. एवढा तोंडाळ, मानी माणूस परक्याच्या चपला हातात घेतो याचं मला नवल वाटायचं. नवल ओसरलं तेव्हा दुसरंच काहीतरी ध्यानात आलं. ज्यांच्या चपला आप्पा आणायचे, त्यांचे रिपोर्ट टाइप करताना माझी बोटं जड व्हायची. सगळ्यांचे नाही, फक्त त्यांचेच. सिस्टरच्याही हे लक्षात आलं होतं. एका दुपारी आम्ही दोघी त्यावर कुजबुजत होतो, आणि मागे आप्पा उभे होते.

 दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येकाच्या चपला आणायला लागले. डोकं दुखतंय म्हणून आलेल्या कॉलेजच्या पोराच्या, पायऱ्यांवरून पडलेल्या आजीच्या, सगळ्यांच्या. मी एकदा न राहवून विचारलं. म्हणाले, “तुमाला कळलं म्हंजे उद्या पावण्याला बी कळंल. त्याला डॉक्टरानं सांगाय पायजे, बाई. चपलीनं न्हवं.”

आप्पा कुणाला खोटं सांगत नव्हते. दुखेल ते दुखेल म्हणायचे. न दुखणारी सुई असते असं सांगणाऱ्या सिस्टरवर ते एकदा खवळले होते. पण त्यांना एकदा एका म्हातारीनं पेचात धरलं.

ती गडहिंग्लजच्याही पलीकडची, सीमेवरची. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायची. मुलगा बरोबर होता. छातीचा स्कॅन होता. म्हातारी लिंगायत, गळ्यात शिवदोऱ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. सिस्टर नेहमीप्रमाणे म्हणाली, आजी, दागिने काढा. म्हातारीनं कानातलं काढलं, बांगड्या काढल्या. डबीकडे बोट गेल्यावर तिनं ती मुठीत घट्ट धरली. “दागिना न्हवं हे,” म्हणाली. लिंग अंगावेगळं करायचं नसतं. जन्मल्यावर बांधलेलं, ते मातीतच बरोबर जायचं. मुलगा गयावया करायला लागला, “अव्वा, दहा मिनटाचं काम हाय, मी धरतो की हातात.” ती उठून चालायलाच लागली. मुलगा दारात आडवा झाला, त्याच्या डोळ्यांत पाणी. तिच्या खोकल्यातून रक्त पडत होतं आणि स्कॅनशिवाय पुढची दिशा कळणार नव्हती.

इथे हळकुंड चालणार नव्हतं. आप्पा तिच्यापुढे गुडघ्यावर बसले. हुपरीच्या बाजूला कानडी थोडंफार कानावर पडतंच. “अव्वा,” म्हणाले, “काढू नगा. कुणाला दिऊ बी नगा. पूजेला कुटं घेता?”

म्हातारीनं डावा तळहात पुढे केला.

“मग तसंच घ्या. ह्या स्क्यानला दोन्ही हात डोस्क्याच्या वरती ठिवायलाच लागत्यात. मशीन छाती बगणार, हात बगणार न्हाय. लिंग तुमच्याच तळहातावर ऱ्हाईल.”

 तिनं धाकट्या भावाला विचारावं तसं विचारलं, “तम्मा, तू झोपलास काय ह्यात कदी?”

“न्हाय,” आप्पा म्हणाले.

“मग तुला कसं ठावं आत काय हुतंय?”

आप्पांनी कान पकडले. पण म्हातारी खाटेवर आडवी झाली. हात वर, डाव्या तळव्यावर लिंग, शिवदोरा मनगटाला गुंडाळलेला. आप्पांनी तिच्या कोपरांखाली चादरीच्या घड्या दिल्या. पहिला काप, दुसरा काप. “दम धरा अव्वा. सोडा.” आप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल. शेवटच्या कापापर्यंत तो म्हातारा हात हलला नाही. चित्र इतकं स्वच्छ आलं की डॉक्टर बाहेर येऊन तिला नमस्कार करून गेले.

त्या दिवशी सगळे पेशंट संपल्यावर आप्पा मला म्हणाले, “बाई, माइकवर बसा.” मशीनचे किरण बंद, नुसती खाट चालू. ते आडवे झाले, सरकत कड्यात गेले. त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे मी “दम धरा,” “सोडा,” म्हणत राहिले. मला हसू येत होतं. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला.

“आत येकटं वाटतंय,” म्हणाले. “हे मी कुणालाच सांगत न्हवतो.”

तेव्हापासून भाषणाच्या शेवटी दोन वाक्यं वाढली. “आत येकटं वाटंल. पर काचंच्या पल्याड मी हाय, तुमच्याबरोबर मी बी दम धरलेला आसतोय.”

पुढे सहस्रक बदललं तसं मशीनही बदललं. नवीन आलं ते एका दमात अख्खी छाती बघणारं. काप-काप नाही, माणूस सर्रकन आत जाऊन बाहेर. मात्र तो एक दम पूर्वीपेक्षा लांब. शिवाय मशीनला स्वतःचा आवाज होता. कुठल्यातरी गोड बाईनं हिंदीत भरून ठेवलेला, सांस रोकिए, सांस लीजिए. आप्पांनी पहिल्याच दिवशी तो बंद केला. बसवायला आलेला कंपनीचा माणूस समजूत घालायला लागला, तर म्हणाले, “ती बाई दम धरती का त्यांच्याबरोबर? मग तिला काय कळणार?” मदतीला नवा टेक्निशियन आला होता, हुशार आणि अबोल. तो मान खाली घालून बसला.

त्याच सुमाराला आप्पांचा खोकला वाढला. आधी आम्ही एसीवर ढकलला. मग हुपरीच्या लहानपणाच्या धुरावर आणि तेजाबावर ढकलला. डॉक्टर म्हणाले, आप्पा, मशीन घरचं आहे, आडवे व्हा. सिस्टर म्हणाली. मी तर रोज म्हणायची, प्रेमानं म्हणून पाहिलं, भांडून पाहिलं. एकदा रागानं मी त्यांच्याशी आठवडाभर बोललेच नाही. ते म्हणायचे, “बगू की.” जो माणूस दुसऱ्याची भीती पाच मिनिटांत उतरवतो त्याला स्वतःची भीती उतरवता येऊ नये, याची मला तेव्हा चीड यायची. आता येत नाही. इतकी चित्रं त्यांनी बघितली होती. तिथं काय दिसू शकतं ते त्यांच्याइतकं त्या बाकावरच्या कुणाला ठाऊक होतं?

शेवटी त्यांना कोणी तयार केलं नाही. त्यांच्या दमानंच केलं.

एक शाळामास्तर आले होते. शांत, सांगितल्याप्रमाणे वागणारे. आप्पा म्हणाले, “दम धरा,” आणि नेहमीसारखे खांदे वर करून थांबले. खाट सरकायला लागली. निम्म्यावर गेली असेल नसेल, आप्पांचा दम तुटला. खोकला फुटला आणि खोकल्याबरोबरच तोंडातून शब्द गेला, “सोडा.” मास्तरांनी आज्ञा पाळली. चित्राचा खालचा भाग सगळा पुसट. स्कॅन पुन्हा करावा लागला, म्हणजे ते किरण त्या माणसानं दोनदा सोसले.

दुसऱ्यांदा माइकवर नवा टेक्निशियन बसला. आप्पा भिंतीला टेकून उभे होते. मास्तरांच्या चपला त्यांनीच आणून ठेवल्या, त्यांना हात दिला आणि म्हणाले, “तुमचं काय चुकलं न्हाय. माजं माप खोटं झालंय.” मग डॉक्टरांकडे गेले. “उद्या मी उपाशी येतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तेव्हा ते बाकावर बसलेले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावून भांग पाडलेला. मी म्हटलं, आप्पा, आत चला, आधी तुमचं उरकून घेऊ. “नंबरानं,” म्हणाले. “आज मी पावणा हाय.” त्यांच्या आधी तिघं होते. तिघं आत जाऊन आले, नवा टेक्निशियन एकेकाला हाक मारत होता, आणि आप्पा त्या बाकावर दाराकडे तोंड करून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

त्यांचा नंबर आला तेव्हा मीच बाहेर गेले. “बरोबर कोण आलंय?” मी विचारलं. नियम त्यांचाच होता.

“तुमी हाय की,” म्हणाले. घरी सांगितलंच नव्हतं. मग मान वर करून माझ्याकडे बघत राहिले. “सांगा की बाई. आत काय हुणार हाय?”

मला आधी कळलं नाही. मग कळलं. मी तिथं उभी राहून त्यांना सगळं सांगितलं. कडं, खाट, घुं आवाज, नाण्याची चव, ते गरम वाटणं. शेवटी “आत एकटं वाटेल” इथपर्यंत आले आणि अडखळले. ते वाट बघत होते. “पण काचेपलीकडे मी आहे,” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. शर्ट वर करून कमरेचा चांदीचा करदोडा सोडला, माझ्या हातात दिला आणि आत गेले.

नवा टेक्निशियन माइककडे वळला, तर मी म्हटलं, मला दे. औषध गेलं. काचेतून मला आप्पांचे पाय तेवढे दिसत होते.

“दम धरा, आप्पा.”

आतून आवाज आला, “धरलाय की.”

टेक्निशियननं चमकून माझ्याकडे बघितलं. त्याला त्या कबनूरच्या म्हाताऱ्याची गोष्ट ठाऊक नव्हती. मी हसले की रडले ते मला सांगता येत नाही. पुन्हा म्हटलं, “दम धरा.” या वेळी आतून आवाज आला नाही. खाट सरकली. मीही दम धरला. करदोडा मुठीत होता, कान गरम व्हायला लागले, आणि हा माणूस इतकी वर्षं दिवसभर हेच करत होता, एवढंच डोक्यात येत राहिलं. टेक्निशियननं बोट वर केलं.

“सोडा.”

मी स्क्रीनकडे बघितलं नाही. डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांना चित्र बघताना तोंडातल्या तोंडात बोलायची सवय. ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मी दारापाशी गेले. आप्पांच्या चपला भिंतीकडेला होत्या, एका बाजूनं झिजलेल्या. हातात घेऊन आत आले आणि खाटेच्या पायथ्याशी जोडीनं ठेवल्या. आप्पा उठून बसले होते. पाय खाली सोडताना त्यांची नजर चपलांवर गेली आणि तिथंच राहिली.

“सकाळधरनं सगळ्यांच्याच ठिवतायसा?” त्यांनी विचारलं.

“व्हय आप्पा,” मी म्हटलं. जन्मात मी ‘हो’च्या जागी ‘व्हय’ म्हटलेलं नव्हतं. “सगळ्यांच्याच.”

बोलून गेल्यावर मला आठवलं, की बाहेरच्या बाकावरून दार समोरच दिसतं. त्यांच्या आधीचे तिघं अनवाणी दारापर्यंत चालत आले होते, आणि आप्पा बघत बसले होते.

 आप्पा माझ्या खांद्यावर हात टेकून उतरले, एकेक पाय चपलेत घातला. मी करदोडा पुढे केला, तो घेताना त्यांनी माझा हात जरा वेळ धरून ठेवला.

“दम धरा, बाई,” म्हणाले. आणि औषध दिल्यावर अर्धा तास बसायचं असतं म्हणून बाहेर जाऊन पावण्यांच्या रांगेत बाकावर बसले.